उपनेत्याची नेपाळ मोहीम

१५ ऑगस्ट १९८३
झेंडावंदनानंतर आमच्या नाशिकच्या पदभ्रमण मंडळाची मीटिंग. दसऱ्यानंतर नेपाळला जायचं ठरलं. ट्रेकिंग! पाठीवर रकसॅक, मुक्काम तंबूत, पोखऱ्याहून पायी घोरेपाणी नावाचं गाव आणि तिथून वर पून हिल. दहा हजार फुटांच्या वर. समोर म्हणे सगळा हिमालय रांगेत उभा असतो.
लीडर शौकत. सातपूरला एका कारखान्यात फोरमन आहे आणि उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा कोर्स केलाय, एवढंच. कोर्स वेगळा आणि रक्तात असणं वेगळं. माझ्या रक्तात आहे. रामशेज किल्ला मी दोन वर्षांचा असताना चढलो होतो. तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, हा मुद्दा गौण.
मी उपनेता व्हायची तयारी दाखवली. शौकत म्हणाला, सहा जणांत उपनेता कशाला, सावळीरामशेठ? मी विचारलं, नेत्याला काही झालं तर? कोणी काही बोललं नाही. म्हणजे पटलं.
घरी मंगलाला सांगितलं, मी परदेशी जातोय. ती म्हणाली, जेवून जाणार ना?
उद्यापासून पहाटे पाचला उठून पांडवलेणी. रोज. पाऊस असो, काही असो.

१६ ऑगस्ट
पाऊस.

२१ ऑगस्ट
पाऊस नाही, पण घसा धरलाय. ज्याला पुढे मोठं काम करायचंय त्याने शरीर जपलं पाहिजे. गजर रोज लावतो. शिस्त महत्त्वाची.

२८ ऑगस्ट, रविवार
अखेर पांडवलेणी. पायथ्यापर्यंत स्कूटरने गेलो. चढण्याआधी ताकद हवी म्हणून मिसळ घेतली. मिसळीवर लगेच चढू नये, म्हणून मग चहा घेतला. तोवर मंडळाचे लोक वरून उतरून आले.
त्यांच्यात कमळाबाई नावाच्या एक आहेत. साठीच्या पुढच्या, नामपूरच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट. त्यासुद्धा नेपाळला येणार म्हणतात! शौकतला बाजूला घेऊन म्हटलं, ही जबाबदारी कोण घेणार? तो म्हणाला, त्या घेतील, त्यांना सांभाळायला कोणीतरी लागतंच. मला जोक कळला नाही. शौकतची विनोदबुद्धी यथातथाच.

४ सप्टेंबर
आज मीटिंगमध्ये जाहीर केलं: सगळ्यांच्या रकसॅक माझ्याकडून. माझं डिझाइन. द्वारका चौकात आमचं दुकान वडिलांपासून. ट्रंका, होल्डॉल, शाळेची दप्तरं. बॅगेतलं मला शिकवणारा अजून जन्मायचाय.
डिझाइन बघून सगळे अवाक. छत्रीला वेगळा कप्पा, डब्याला वेगळा, कंगव्याला वेगळा. पाठीवर मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव. शौकतने विचारलं, खांद्याच्या पट्ट्यांना एकेरी शिलाई का? वजन वाचतं, म्हटलं. तो म्हणाला, एकदा विटा भरून रामशेजवर नेऊन बघू या. मी म्हटलं, आपण हिमालयात चाललोय, वीटभट्टीवर नाही.
लोक हसले. पॉइंट मला.

१२ सप्टेंबर
दुकानाची पाटी बदलली. 'आहेर ट्रंक डेपो' ऐवजी 'हिमशिखर बॅग हाऊस'. रंगाऱ्याने वर बर्फाचा डोंगर काढला, छान जमलाय. दुपारी एकजण येऊन बर्फाची लादी मिळेल का विचारून गेला. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

२३ सप्टेंबर
पासपोर्ट आला! फोटोत मी थोडा करारी दिसतो. शौकतला दाखवला. तो म्हणाला, नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, शेठ. मी म्हटलं, लागत नसेल. पण असलेला बरा. थोरामोठ्यांच्या पासपोर्टवर शिक्केच शिक्के असतात.
व्यायाम: दुकानाच्या पोटमाळ्याची शिडी दोनदा चढलो. एकदा उतरताना बसून उतरलो.

२ ऑक्टोबर
वाईट बातमी. शेजारच्या घड्याळवाल्या बारकूची स्कूटर द्वारका चौकात घसरली. पाय प्लास्टरमध्ये. मंडळात मला उपनेता म्हणणारा तो एकटाच. आता त्याची जागा रिकामी.
जेवताना मंगला म्हणाली, "मी येते."
मला ठसका लागला. पाणी पिऊन समजावलं. हे माथेरान नाही. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचे. स्टॅमिना लागतो. प्रॅक्टिस लागते.
ती म्हणाली, "प्रॅक्टिस झाली. दीड महिना रविवार सोडून रोज जातेय की कमळाबाईंबरोबर पांडवलेणीला."
केव्हा?
"पाचला. तुमचा गजर वाजला की."
आणि मी समजत होतो, ती देवळात जाते.
शौकतला म्हटलं, बायकांची संख्या वाढतेय. माजिदा (त्याची बायको, उर्दू शाळेत शिकवते), कमळाबाई, आता ही. पुरुष मी, तो आणि कॅमेरेवाला झुंबर. तो म्हणाला, वहिनी आल्या तर बरंच होईल. म्हणजे काय, ते बोलला नाही. असो. येऊ दे. गोरखपूरला रडकुंडीला आली की परतीच्या गाडीत बसवून देऊ.

१६ ऑक्टोबर, दसरा
दुकानात पूजा. रकसॅकवर हळदकुंकू वाहिलं. दुकान धाकट्या भावावर सोपवलं. दिवाळीचा सीझन तोंडावर आहे, पण इतिहास घडवणाऱ्याला गिऱ्हाईक बघून चालत नाही.
माझी रकसॅक भरली. ट्रान्झिस्टर, दाढीचं सामान, घडीचं स्टूल, छत्री, चिवडा, दोन स्वेटर, धोतर (रात्री बरं पडतं), पून हिलवर फडकवायचा कापडी बॅनर. बॅग जमिनीवरून उचलून पाहिली. नंतर उचलायचं ठरवलं.

१९ ऑक्टोबर, सोनौली
दोन दिवस रेल्वे, मग बस. मंगला गोरखपूरला रडली नाही. फलाटावरच्या नळावर केस धुऊन आली आणि माजिदाशी हसत बसली.
दुपारी बॉर्डर. एक कमान, बस्स. माणसं, सायकली, रिक्षा आरपार चालल्यात. कोणी काही विचारेना! मी खिडकीशी जाऊन पासपोर्ट पुढे केला. आतल्या माणसाच्या कपाळभर दह्यातांदळाचा लाल टिळा, त्यांचाही दसरा चालू आहे. "इंडियन हो? जाओ, जाओ." मी म्हटलं, ठप्पा लगाव. तो म्हणाला, किसलिए? मी म्हटलं, याददाश्त के लिए. त्याने मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मागचा माणूस एक बोकड घेऊन होता. माझ्याआधी बोकड परदेशात गेला.
झुंबरने याचा फोटो काढला. त्याला फोटो कशाचे काढावेत हे कळत नाही.

२० ऑक्टोबर, पोखरा
तळं. तळ्यात मासळीच्या शेपटासारखा बर्फाचा डोंगर उलटा दिसतो. सगळे गप्प उभे. मी म्हटलं, ही तर सुरुवात आहे.
संध्याकाळी तंबू लावायची प्रॅक्टिस. मी सूचना वाचल्या, बाकीच्यांनी कामं केली. एक तंबू माझ्याकडे होता. तो मी वेगळ्या पद्धतीने लावला, वारा आरपार जावा म्हणून. वारा आला आणि तंबूही गेला. कमळाबाईंनी पाण्यातून ओढून आणला. म्हणाल्या, वाळी जाई, भाऊ. त्यांच्या अहिराणीचा सूर मला कधी कधी उपरोधाचा वाटतो.

२१ ऑक्टोबर, नौदांडा
मोहिमेचा पहिला दिवस. मी सर्वांत मागे राहिलो. उपनेत्याने मागेच राहायचं असतं, कोणी मागे पडू नये म्हणून. माझ्या मागे कोणी पडलं नाही.
खांदे सोलवटले. बॅगेचा दोष नाही, खांद्याला अजून बॅगेची सवय नाही. स्टूल वाटेत एका म्हाताऱ्याला भेट दिलं. भारत-नेपाळ मैत्री. त्याने ते लगेच उघडून त्यावर बसून मला चढताना पाहिलं.
मंगलाला विचारलं, फार त्रास होतोय का? नको लाजू. तिने मटाराएवढा फोड दाखवला टाचेवर. मग सुईने फोडून, पट्टी लावून, पाणी भरायला गेली. बोलायला मिळालंच नाही.

२२ ऑक्टोबर, बिरेठांटी
काय लिहावं. लिहिलं तर पाहिजे.
गावाआधी नदीवर झुलता पूल. लोखंडी दोर, खाली फळ्या, मध्ये मध्ये फळ्या नाहीत. खाली पांढरं पाणी असं गरजतंय की शेजारचा बोलला तरी ऐकू येत नाही. एकेकाने जायचं, असं शौकतने हाताने सांगितलं. तो गेला, माजिदा गेली. मग कमळाबाई. त्यांच्या रकसॅकमध्ये स्टोव्ह, रॉकेलचा डबा, रवा. वजन वाटून घेताना त्यांनीच मागून घेतलेलं.
बरोबर मधोमध त्यांच्या बॅगेचा उजवा पट्टा उसवला.
बॅग एका बाजूला लोंबली आणि तिच्याबरोबर बाई दोरावर कलंडल्या. पूल हिंदकळला. एक पाय फळीखाली गेला. आम्ही सगळे ओरडलो असू, ऐकू काहीच आलं नाही. शौकत पलीकडून पोटावर सरपटत निघाला. पण त्याच्याआधी अलीकडून मंगला गेली. माझ्या शेजारून. मी तिचा हात धरायला गेलो तर हातात पदराचं टोक आलं, तेही सुटलं. ती दोन्ही दोर धरून, खाली न बघता चालत गेली. जाऊन बाईंच्या काखेत हात घातला, दुसऱ्या हाताने बॅगेचा राहिलेला पट्टा खांद्यावरून काढून सोडून दिला.
बॅग पाण्यात पडली. एकदा वर आली. 'हिमशिखर' एवढं वाचता आलं. मग वळणावर गेली.
मी पूल सर्वांत शेवटी ओलांडला. डोळे मिटून ओलांडला, हे तंत्र आहे.
पलीकडे कमळाबाई दगडावर बसलेल्या, पाय पोटरीपर्यंत खरचटलेला. मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "काही नई व्हयनं माले, भाऊ." आणि माझ्याच पाठीवर हात फिरवला. मी म्हटलं, तुम्ही पट्टा ओढलात का? पट्टा ओढायचा नसतो.
शौकत आतापर्यंत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आजही नाही. हळू आवाजात म्हणाला, "सावळीरामशेठ, आज तुम्ही बोलू नका."
चहाच्या टपरीत बसून मंगलाने राहिलेल्या पाचही बॅगांचे पट्टे मेणदोऱ्याने दुहेरी शिवले. माझीही शिवली. तिला म्हटलं, एकेरी शिलाई चांगल्या दर्जाची होती, इथलं दमट हवामान मानवलं नसेल. तिने दोरा दाताने तोडला.

२३ ऑक्टोबर
आज उल्लेरीची चढण. दगडी पायऱ्या. खाली नदी, वर पायऱ्या, त्याच्या वर पायऱ्या. सप्तशृंगीला मी गेलोय, पण तिथे शेवटी देवी असते. इथे शेवटी पुन्हा पायऱ्या.
सकाळी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि एक पोर्टर ठरवला. मानबहादूर. ओझं जड म्हणून नव्हे; स्थानिक लोकांना रोजगार मिळावा. माझी बॅग, छत्री, स्वेटर, ट्रान्झिस्टर त्याच्याकडे. माझ्याकडे पाण्याची बाटली. थोड्या वेळाने बाटलीही त्याच्याकडे. आणखी थोड्या वेळाने विचारलं, मला न्याल का? तो हसला. मी थट्टेत विचारलं होतं. पण त्याने हो म्हटलं असतं तर उगाच नाही म्हणून त्याचं मन मोडलं नसतं.
वरती मंडळी जेवायला थांबली होती. सुक्या पोळ्या आणि गूळ, कारण स्टोव्ह नाही. सगळ्यांनी मानबहादूरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. झुंबर म्हणाला, उपनेत्यांचा उपनेता आलेला दिसतोय. उर्मटपणा वाढत चाललाय ग्रुपमध्ये. लीडरचा वचक नाही.

२४ ऑक्टोबर, घोरेपाणी. संध्याकाळ
पोचलो. मी पोचलो! दिवसभर जंगल, शेवाळ, जळवा. आता थंडी एवढी की पेनातली शाई नीट उतरत नाही. उद्या पहाटे अंधारात निघून पून हिल, तासाभराची चढण. तिथून सूर्योदय.
अडचण: माझा गुडघा. डावा. आतून काहीतरी कट्कन झालं. अशा वेळी हिरोगिरी करणाऱ्यांमुळेच मोहिमा बुडतात. म्हणून मी सगळ्यांपुढे ठराव मांडला, उद्याचा दिवस विश्रांती घ्यावी, परवा बघू. हात वर करायला सांगितले. माझा एक हात. मी दुसराही केला.
कमळाबाईंनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. सूज नाही म्हणाल्या. सूज आत असते. मग त्यांनी विचारलं, चिवडा किती खाल्ला? गुडघ्याचा आणि चिवड्याचा काय संबंध? दवाखाना नामपूरचा, शेवटी.
ठरलं असं: ते जाणार, मी राहणार. अर्थात मंगला माझ्याजवळ थांबेल. एवढ्या लांब आजारी नवऱ्याला सोडून कोण जातं? तिला थोडं वाईट वाटेल. नाशिकला गेल्यावर साडी घेऊ. शौकतला सांगून टाकलं, आम्ही दोघे थांबतोय.

२५ ऑक्टोबर, सकाळ
उठलो तेव्हा तंबू रिकामा.
नीट लिहितो. पहाटे ती बूट घालत होती. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "वर." मी म्हटलं, माझा गुडघा? ती म्हणाली, "गरम पाणी करायला सांगितलंय मानबहादूरला. शेकून घ्या." मी म्हटलं, मंगल, माझं काही बरंवाईट झालं तर? ती थांबली. एक बूट घातलेला, एक हातात. मला वाटलं, काढणार. मग दुसरा घातला.
बॅनर तेवढा दिला तिच्याकडे. म्हटलं, वर नीट उघडून धर. अक्षरं सरळ हवीत.
आता मानबहादूरने आणलेल्या बादलीत पाय टाकून बसलोय. इथूनही बऱ्यापैकी दिसतं. एक टोक, झाडांच्या मधून. सगळी टोकं सारखीच असतात.

दुपार
आले. कोणी काही सांगेना. मला वाटलं होतं आरडाओरडा करत येतील. झुंबरसुद्धा गप्प. माजिदाचे डोळे रडल्यासारखे. मंगलाचे ओठ थंडीने फुटलेत, नाक लाल, आणि चेहरा… तिचा असा चेहरा मी पाहिलेला नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली.
मी विचारलं, बॅनर धरला का? ती म्हणाली, "हो, बसायला. गवत ओलं होतं."
शौकतने नकाशा काढला. इथून जंगलातून घांद्रुकवरून जाऊन पोखऱ्याला उतरायचं. वाट अवघड. मी सांगितलं, गुडघ्यामुळे मी आलेल्या वाटेने मानबहादूरबरोबर परत जातो. शिवाय पोखऱ्याला परतीच्या बसची व्यवस्था कोणीतरी पुढे जाऊन केली पाहिजे. प्रशासकीय बाजू नेहमी दुर्लक्षित राहते. सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं. इतकं एकमत या मोहिमेत पहिल्यांदाच.
मंगलाला विचारलं नाही. ती बॅग भरत होती, त्यांच्या बाजूला बसून.

२८ ऑक्टोबर, पोखरा
उतरताना गुडघा पूर्ण बरा. डोंगरातल्या हवेचा गुण. तो पूल पुन्हा लागला. मानबहादूरने हात धरला. गार हात होता. मला नाही, त्याला भीती वाटली असावी.
तळ्याकाठी पोस्टकार्डं मिळतात, बर्फाच्या शिखरांची. बारकूला एक, दुकानाला एक, नाशिकच्या पेपरला एक. मजकूर: 'मोहीम फत्ते. प्रतिकूल हवामानावर मात. उपनेता सावळीराम आहेर.' यात खोटं एक अक्षर नाही. मोहीम फत्ते झालीच आहे. कोणी केली, याला कार्डावर जागा नव्हती.
बसची तिकिटं काढायला गेलो. ऑफिस बंद. दोनदा गेलो. प्रशासनात असं होतं.

३० ऑक्टोबर, पोखरा
काल ते आले. घांद्रुकवरून. वाटेत गारा लागल्या, एक रात्र गोठ्यात काढली, कमळाबाईंचं खरचटलेलं चिघळलं म्हणून शौकत आणि मंगलाने त्यांना आळीपाळीने आधार देत आणलं. हे सगळं मला झुंबरकडून कळलं. मंगला म्हणाली, "मजा आली."
तिकिटं नाहीत कळल्यावर ती आणि माजिदा बसस्टँडवर गेल्या, कंडक्टरशी बोलल्या, आणि टपावर जागा घेऊन आल्या. मी म्हटलं, टपावर? बायका? ती म्हणाली, "तुम्हाला आत मिळेल एक सीट. आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं."
आजारी माणूस म्हणजे मी.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
परवा घरी पोचलो. फराळ विकतचा. भाऊ म्हणतो, सीझन बरा गेला. रकसॅकचं विचारायला तिघे आले होते, पण कमळाबाई द्वारकेला भेटल्या म्हणाले आणि गेले.
पेपरात बातमी आली! 'नाशिकच्या गिर्यारोहकांची नेपाळात चमक.' माझं नाव छापलंय: सावळाराम अहिरे. कात्रण काचेखाली लावलं.

१३ नोव्हेंबर, रविवार
मंडळाचा स्लाइड शो. हॉल भरलेला. बारकू काठी टेकत पहिल्या रांगेत. मी भाषण तयार केलं होतं, चार पानी. सुरुवात: 'पर्वत मला बोलावत होता.'
दिवे गेले, झुंबरने स्लाइड सुरू केल्या. पोखरा, तळं, डोंगर. मग पूल. पुलावर मंगला, पाठमोरी, दोन्ही हात दोरावर. त्या गडबडीत या माणसाने फोटो काढला होता! कमळाबाई अंधारातून म्हणाल्या, "बॅग गयी, मी ऱ्हायनू." लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मग पून हिल. सूर्य नुकताच बर्फावर आलेला, आणि चौघे एका ओळीत, आणि खाली गवतावर अंथरलेल्या बॅनरवर 'मशिखर बॅ' एवढी अक्षरं. एक स्लाइड, दुसरी, तिसरी. बारकू मोठ्याने म्हणाला, "अरे, आमचे उपनेते कुठायत?" भला माणूस. मुद्दाम नाही विचारलं त्याने.
झुंबरने पुढची स्लाइड लावली. मी. माकडटोपी, धोतर, बादलीत पाय, तोंडात चिवडा. पडद्यावर आठ फूट उंच. वरून परत आल्यावर त्याने तंबूबाहेरून काढला असणार, मला पत्ताच नव्हता.
हसणं थांबेना. शौकतनेच स्लाइड बदलायला सांगितली. तेवढं मान्य करतो.
दिवे आल्यावर लोकांनी मंगलाला बोलायचा आग्रह केला. ती उभी राहिली, माइक हातात न घेता बोलली. एवढंच की फेब्रुवारीत मंडळ बायकांचं शिबिर काढतंय, हरिहर किल्ल्यावर, ज्यांना यायचंय त्यांनी पहाटे पाचला पांडवलेणीच्या पायथ्याशी यावं. शिबिराची लीडर ती. हे मला तिथे कळलं.
माझं भाषण आभारप्रदर्शनानंतर ठेवलं होतं. सुरू केलं तेव्हा खुर्च्या उचलायला लागले होते. बारकूने शेवटपर्यंत ऐकलं. त्याला पायामुळे लवकर उठता येत नाही.

२० नोव्हेंबर, रविवार
सकाळी मंगला पांडवलेणीला गेली. म्हणे एकवीस बायका आल्या होत्या, दोन तर सासूसकट.
परत आल्यावर दोघे ओट्यावर चहा घेत बसलो. ती बुटाची माती काडीने काढत होती. का कोण जाणे, मी विचारलं. आतापर्यंत विचारलंच नव्हतं. म्हटलं, वरून काय दिसलं गं, त्या दिवशी?
तिने काडी खाली ठेवली. म्हणाली, "आधी काहीच नाही. नुसता अंधार आणि थंडी. वाटलं, उगाच आलो. मग एका टोकाला जरासं लाल झालं. मग शेजारच्या. एकेक करून सगळी टोकं पेटत गेली, आवाज नाही काही नाही. मला तर श्वास घ्यायची भीती वाटत होती."
मी म्हटलं, मग? माझी आठवण आली असेल.
हे मी सहज म्हटलं. नवराबायकोत म्हणतात तसं.
तिने खरोखर विचार केला. आठवून पाहिलं. मग म्हणाली, "नाही हो. अजिबात नाही आली. मला नंतर त्याचंच नवल वाटलं."
चिडून नाही म्हणाली. टोमणाही नव्हता. चहाला साखर कमी आहे सांगावं, तसं सांगितलं. मग कप उचलून आत गेली.
उंचावर हवा विरळ असते. मेंदूला रक्त कमी पोचतं, त्यामुळे जवळच्या माणसांचीही आठवण राहत नाही, असं मी कुठेतरी वाचलेलं आहे. दहा हजार फुटांना तसं होतं का, ते शोधायला पाहिजे. होत असणार.